मुलांचं नखं कुरतडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी ते चौथीच्या पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी आणि रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं साधारण ३ ते ९ वर्षांच्या मुलांना धरून दिली आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ६ आणि ७ वाचा, बाकीचं सवडीने.

१. आमच्या घरी कसलाच ताण नाही, भांडणं नाहीत. मग मुलगी नखं का खाते?

ताण असायलाच हवा असं नाही. कार्टून बघताना, गोष्ट ऐकताना, बस येईपर्यंत, वजाबाकी अडली की, अशा वेळी हात रिकामा असतो आणि डोकं दुसरीकडे गुंतलेलं असतं. तेवढ्यात बोट तोंडात जातं. कंटाळा हे कारण ताणापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतं.

दुसरं कारण अगदी साधं आहे आणि तेच हमखास नजरेतून सुटतं. नखाची कड खरखरीत झालेली असते, ती बोटाला टोचत राहते. मूल ती दाताने सरळ करायला जातं आणि कड आणखी खरखरीत होते. असं ते चालूच राहतं. शिवाय ही सवय घराण्यातही दिसते. आत्याची, मामाची बोटं एकदा बघून घ्या. खरोखर ताण असेल तर तो कसा ओळखायचा, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

२. हे कितव्या वर्षी सुरू होतं? आपोआप जातं का?

तीन वर्षांच्या आत क्वचितच दिसतं. बहुतेकांचं बालवाडी ते पहिलीच्या सुमारास सुरू होतं, दहा-बारा वर्षांपर्यंत वाढलेलं दिसतं आणि पुढे बऱ्याच जणांचं आपसूक कमी होतं. काही जण मात्र मोठेपणीही मीटिंगमध्ये नखं कुरतडत बसलेले असतात.

मूल पाचच्या आतलं आहे, नखं नुसती आखूड आहेत, रक्त नाही, सूज नाही, त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नाही, अशा वेळी काहीच न करणं हा चांगला उपाय आहे. नखं नीट कापून ठेवा आणि विषय सोडून द्या.

३. शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम कमी आहे. गोळ्या सुरू करू का?

नको. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं आणि कॅल्शियमच्या कमतरतेमुळे मूल नखं खात नाही. नखांवरचे पांढरे ठिपकेही बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीक माराचे असतात, त्यांचाही कॅल्शियमशी संबंध नाही.

माती, भिंतीचा चुना, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाणारं मूल ही वेगळी गोष्ट आहे. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. तिथे डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

४. जंत झालेत म्हणून नखं खातो, हे खरं का?

उलटं आहे. नखं खाल्ल्यामुळे जंत होऊ शकतात. विशेषतः सुतासारखे बारीक पांढरे कृमी. त्यांची मादी रात्री शौचाच्या जागी अंडी घालते, खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांखाली अडकतात आणि सकाळी तीच बोटं तोंडात जातात. म्हणून औषध घेऊनही काही मुलांना पुन्हा पुन्हा त्रास होतो.

रात्री खाज येत असेल तर डॉक्टरांकडे जा. या कृमींसाठी बहुधा घरातल्या सगळ्यांनाच औषध देतात आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस देतात, कारण पहिल्या डोसने अंडी मरत नाहीत. त्या काळात सकाळी उठल्याबरोबर आंघोळ, रोज धुतलेली चड्डी आणि आखूड नखं हे सांभाळा. अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारी व १० ऑगस्टच्या सुमारास राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती चुकवू नका. ती दिली की नखं खाणं थांबेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

५. गिळलेल्या नखांचा पोटात गोळा होतो का?

नखांचे बारीक तुकडे पचत नाहीत, पण शौचावाटे निघून जातात. गोळा होतो तो केसांचा. मूल स्वतःचे केस उपटून खात असेल, डोक्यावर विरळ पट्टे दिसत असतील, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

६. ओरडून झालं, हातावर चापट मारून झालं, सगळ्यांसमोर बोलूनही झालं. तरी थांबत का नाही?

कारण बहुतेक वेळा हात तोंडात गेलाय हे मुलाला कळलेलंच नसतं. तुम्ही ‘काढ हात!’ म्हणता तेव्हा ते दचकतं, हात काढतं आणि पाच मिनिटांत तो पुन्हा तिथेच असतो. आपल्याला वाटतं मुद्दाम करतंय.

ओरडण्याने आणखी दोन गोष्टी होतात. ज्याला चुळबुळ झाली की नखं आठवतात, त्याची चुळबुळ आपण वाढवतो. आणि दिवसभर कामात असलेल्या आईबाबांचं लक्ष एका क्षणात वळवायची युक्ती त्याला सापडते. रागाचं लक्षही लक्षच असतं. पालकांना पहिल्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट करायला सांगतो : बोलणं बंद. बहुतेकांना मुलाच्या सवयीपेक्षा स्वतःची ही सवय सोडणं जड जातं.

७. मग नेमकं करायचं काय?

आधी तीन-चार दिवस नुसतं बघा. कधी, कुठे, कोणतं बोट. ‘सारखीच खाते’ असं म्हणणाऱ्या घरांतही बघायला बसलं की दोन-तीनच ठरलेल्या जागा निघतात : टीव्हीसमोरचा सोफा, गाडीतली मागची सीट, अभ्यासाची वेळ.

मग नखांच्या कडा. आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर नखं मऊ असताना कापा आणि नेलकटरमधल्या कानशीने कडा गुळगुळीत करा. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नखांच्या कडेच्या कातडीला चोळा, म्हणजे सालं निघत नाहीत. कातडीचं साल लोंबत असेल तर ओढू नका, कात्रीने कापा. मुलाच्या दप्तरात छोटी कानस ठेवली आणि ‘टोचलं की दात नको, ही घे’ असं शिकवलं तर सहा-सात वर्षांची मुलं ती छान वापरतात.

त्यानंतर हाताला दुसरं काम. १९७३ साली नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सवय मोडण्याची एक पद्धत मांडली, ती आजही वापरली जाते. आधी सवय कधी सुरू होते हे स्वतःला ओळखता यायला हवं, मग त्याच क्षणी हाताने असं काही करायचं की ती सवय करताच येऊ नये, आणि जवळच्या माणसाने शांतपणे साथ द्यायची. मुलांसाठी याचं घरगुती रूप असं : हात तोंडाकडे निघाला की अंगठा आत घेऊन मूठ मिटायची आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. आरशासमोर बसून दोघं मिळून याचा खेळ करा. हात सावकाश वर नेऊन वाटेतच ‘पकडला!’ म्हणायला मुलांना फार आवडतं, आणि सराव नेमका तोच हवा असतो.

एक गुप्त खूण ठरवा. खांद्यावर हलकेच बोट टेकवणं किंवा दोघांनाच माहीत असलेला एखादा शब्द. तो शब्द मुलाने निवडावा. आमच्याकडे ‘भोपळा’ आणि ‘बंड्या’ हे शब्द चालून गेले आहेत. ही खूण म्हणजे आठवण असते. तिच्यात दटावणीचा सूर आला की ती बाद.

पाचच्या आतल्या मुलाकडून स्वतःला पकडण्याची अपेक्षा फारशी करू नका. त्याच्यासाठी कडा आणि प्रश्न ८ एवढंच पुरतं.

८. हाताला काय द्यायचं? ते बोटांवर फिरवायचे स्पिनर वगैरे विकत आणावे लागतील का?

गरज नाही. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या, भाजी निवडताना शेंगा सोलायला द्या. मणी ओवणं, चिकणमाती, जुन्या वर्तमानपत्राचे बारीक तुकडे फाडणं, सगळं चालतं. टीव्ही बघताना मऊ स्पंजचा चेंडू किंवा गाठी मारलेली सुती दोरी बरी, कारण त्यांच्याकडे बघावं लागत नाही. तीनच्या आतलं भावंड घरात असेल तर मणी आणि मटार त्याच्या हाती लागू देऊ नका, ते नाकात आणि घशात अडकतात.

९. मेडिकलमध्ये नखांना लावायचं कडू औषध मिळतं. ते सुरक्षित आहे का?

त्यात बहुधा डिनॅटोनियम बेंझोएट असतं. १९५८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये भुलीच्या औषधांवर काम करताना हा अतिशय कडू पदार्थ हाती लागला. नखांवर लागतो तेवढ्या प्रमाणात तो घातक नाही. बाटलीवर कोणत्या वयापासून वापरायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळा. कातडी सोललेली असेल तर लावू नका, आणि डोळे चोळायची सवय असलेल्या मुलाला तर नकोच.

उपयोग होतो का? मोठ्या, स्वतःहून ‘मला लावून दे’ म्हणणाऱ्या मुलाला होतो, कारण कडू चव हीच आठवण होते. न सांगता झोपेत लावून ठेवलं तर मूल ते चाटून काढतं, नाहीतर पोळीचा घास कडू लागला म्हणून जेवणावर रुसतं. एकट्या कडूवर भिस्त नको, प्रश्न ७ मधलं सगळं सोबत हवंच.

१०. त्यापेक्षा घरचं काही? कडुनिंबाचं तेल, कोरफड, मिरची?

मिरची कधीच नाही. त्याच हाताने मूल डोळे चोळतं आणि मग रात्रभर घर जागं.

कडुनिंबाचं तेलही नको. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो. पण हे तेल पोटात गेल्यावर लहान मुलांना उलट्या, झटके आणि बेशुद्धी आल्याच्या नोंदी आहेत. जे बोट मूल तोंडात घालणार हे आपल्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच ते लावण्यात अर्थ नाही. कोरफडीचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात. कारल्याचा रस लावल्याने अपाय नाही, पण हात धुतला की तो गेला.

११. बक्षीस द्यावं का? आम्ही महिनाभर नखं वाढवलीस तर सायकल म्हटलं होतं. जमलं नाही.

महिना फार लांब आहे. पाच वर्षांच्या मुलाला परवाचा दिवसही लांब वाटतो. एक बोट निवडा, करंगळी सोपी. ‘आज हिला वाचवायचं, बाकीची खाल्लीस तरी चालेल.’ संध्याकाळी करंगळी शाबूत असेल तर कॅलेंडरवर एक ठिपका किंवा टिकली. चार-पाच टिकल्या झाल्या की मुलाच्या आवडीचं काहीतरी, शक्यतो सोबत करायचं : बागेत एक चक्कर जास्त, झोपताना एक गोष्ट जास्त. मग दुसरं बोट घ्या.

टिकली लागली नाही त्या दिवशी काही बोलू नका आणि आधी लावलेल्या टिकल्या काढून घेऊ नका. सायकल मात्र नखांशी न जोडता घेऊन द्या.

१२. सासूबाई शनिवारी, अमावास्येला आणि दिवेलागणीनंतर नखं कापू देत नाहीत.

वाद घालू नका, रविवारी सकाळची आंघोळ ठरवून टाका. सोमवारच्या परिपाठात बऱ्याच शाळांत नखं तपासतात, तेही साधतं. (नखं कुरतडणारी मुलं त्या तपासणीत हमखास पास होतात, हा भाग वेगळा.) मध्येच नख तुटलं तर कापायच्या ऐवजी कानशीने घासा. कानशीला बहुतेक आज्यांची हरकत नसते.

१३. आजोबा ‘नखं खाल्ली की दारिद्र्य येतं’ म्हणतात, वर्गातल्या बाई सगळ्यांसमोर हात दाखवायला लावतात. काय करू?

आजोबांना काम द्या. ‘बाबा, टिकली लावायचं तुमच्याकडे’ म्हटलं की शेरे आपोआप कमी होतात. गुप्त शब्दही त्यांना सांगा, मात्र आधी मुलाला विचारून.

शाळेत वर्गशिक्षिकेशी एकट्याने बोला आणि विनंती नेमकी ठेवा : बोलून दाखवू नका, बाकाजवळून जाताना फक्त वहीवर बोट टेकवा. बहुतेक शिक्षक ऐकतात. पट्टी मारणं किंवा वर्गासमोर लाज आणणं चालू राहिलं तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

१४. नेलपॉलिश किंवा मेंदी लावली तर?

रंगवलेलं नख खावंसं वाटत नाही, असं बऱ्याच मुली सांगतात. मुलांनाही लावायला हरकत नाही. त्याला चिडवतील अशी भीती असेल तर बोटावर पेनाने छोटा वाघ काढा. लहान, सतत तोंडात बोट असणाऱ्या मुलाला मात्र नेलपॉलिश नको. साधी, पानं वाटून केलेली मेंदी चालेल. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारे कोन टाळा. त्यातल्या केस रंगवण्याच्या रसायनाने कातडीला फोड येऊ शकतात.

१५. कोणत्या वेळी ताण आहे असं समजायचं?

नखं खाणं अचानक सुरू झालं किंवा एकदम वाढलं आणि त्याच सुमारास काही बदललं असेल तर : घरात बाळ आलं, जूनमध्ये नवी शाळा, घर बदललं, कुणी गेलं. सोबत झोप मोडणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, सकाळी पोट दुखणं, शाळेला नाही म्हणणं असलं तर नखं बाजूला ठेवा आणि त्या गोष्टीकडे वळा. मूल सरळ प्रश्नाला उत्तर देत नाही. भांडी लावताना किंवा गाडीवर जाताना मात्र बोलतं.

दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, किंवा तुमच्याच मनात शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

१६. बोट सुजून लाल झालंय. घरी काय करू शकतो?

हे बहुधा नखुरडं. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवून ठेवा आणि नीट कोरडं करा. सुईने फोडू नका. पू दिसला, ठणका वाढला किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे. ताप आला किंवा लाल रेघ हाताकडे चढताना दिसली तर त्याच दिवशी.

एक अपवाद लक्षात ठेवा : तोंड आलेलं असताना बोटावर पाण्याचे बारीक फोड घोळक्याने उठले आणि फार दुखत असतील, तर तो तोंडातून बोटावर आलेला हर्पीस नावाच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. ते फोड अजिबात फोडायचे नाहीत, ते दुसऱ्याला लागतात आणि त्याचं औषध वेगळं आहे. नखांभोवती चामखीळ असेल तर तीही चावल्याने इतर बोटांवर आणि ओठांवर पसरते, आधी तिचा इलाज करा.

१७. दात पुढे येतील का?

दात पुढे येण्याचा संबंध जास्त करून अंगठा चोखण्याशी आहे. नखं खाण्याने पुढच्या दातांच्या कडा झिजू शकतात, बारीक टवका उडू शकतो आणि नखाचा तुकडा हिरडीत रुतून ती सुजू शकते. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात येऊ लागतात, तेव्हापासून थोडं जास्त मनावर घ्या.

१८. मी स्वतः नखं खातो. मुलाला कोणत्या तोंडाने सांगू?

सांगू नका, सोबत सोडा. कॅलेंडरवर दोन रांगा, एक त्याची आणि एक तुमची. तुमचा हात तोंडाकडे गेला की गुप्त शब्द म्हणायचा अधिकार त्याला द्या. तो हा अधिकार अत्यंत काटेकोरपणे वापरेल.

१९. नखं खाल्ल्याने अ‍ॅलर्जी होत नाही, असा फॉरवर्ड आला होता. मग खाऊ द्यावीत का?

फॉरवर्डमागे खरा अभ्यास आहे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा मागोवा घेतला गेला. त्यातली अंगठा चोखणारी किंवा नखं खाणारी मुलं मोठी झाल्यावर त्वचेच्या अ‍ॅलर्जी चाचणीत कमी प्रमाणात प्रतिसाद देताना दिसली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण दमा आणि गवताच्या परागाने होणारी सर्दी यांत तसा फरक आढळला नाही. सवय लावा, असा सल्लाही संशोधकांनी दिला नाही. ज्यांचं मूल खातच आहे त्यांनी थोडं कमी घाबरावं, इतपतच याचा उपयोग.

२०. मुलाची नखं वाढतच नाहीत, पण त्याला खाताना कधी पाहिलं नाही.

बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. कधीच कापावी लागत नसतील तर तो नजरेआड खात असण्याची शक्यता जास्त. हाताची आखूड आणि पायाची नेहमीसारखी, हा त्याचा पुरावा. पण नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, सगळीच नखं खरबरीत किंवा पातळ, शिवाय पायाचीही तशीच असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो नखांचाच आजार असू शकतो.

२१. आमचं मूल स्वमग्न (ऑटिझम असलेलं) आहे. मूठ मिटायची वगैरे त्याला समजत नाही.

त्याला चावण्याचीच गरज असेल तर ती दाबू नका, तिला वाट द्या. चावण्यासाठीच बनवलेली सिलिकॉनची खेळणी मिळतात. जेवणात गाजर, काकडी, कडक भाकरी ठेवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर त्यांना विचारून ठरवा. नखं आखूड आणि गुळगुळीत ठेवणं इथेही लागू पडतं. रक्त येईपर्यंत चावत असेल तर आधी दातदुखी किंवा कानदुखी आहे का ते तपासून घ्या, कारण ते त्याला सांगता येत नाही.

२२. पायाची नखंही खातो!

लहान मुलांचे सांधे लवचीक असतात, पाय तोंडापर्यंत सहज पोचतो. उपाय तेच, शिवाय घरात मोजे. एरवी काळजी नको, पण नख मांसात रुतलेलं दिसलं तर दाखवा.

२३. किती दिवस लागतील? थांबलं होतं, दिवाळीच्या सुट्टीनंतर परत सुरू झालं.

एक नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला चार ते सहा महिने लागतात, त्यामुळे बोटं चांगली दिसायला वेळ जाणारच. सवय त्याआधी सैल होते. सुरुवात मे महिन्यात किंवा एखाद्या निवांत आठवड्यात करा, जूनमध्ये शाळा उघडते त्या आठवड्यात नको.

परत सुरू होणं नेहमीचंच आहे. ताप, परीक्षा, पाहुणे, लांबचा प्रवास, काहीही पुरतं. पहिल्या दिवसापासून सगळं करायची गरज नसते. एक बोट निवडा, कडा घासा, शब्द पुन्हा सुरू करा. जुना शब्द मुलाला कंटाळवाणा झाला असेल तर नवा निवडू द्या.